उन्हाचं निमित्त

भोकरदन
दि. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. मीना,

सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे इकडं खुशाल आहोत. तू, पाव्हणे आणि दोन्ही लेकरं बरी असाल. आईचे गुडघे थंडी पडल्यापासून धरलेत, पण खाणंपिणं बराबर आहे. यंदाच्या पावसानं काय केलं ते तू बातम्यांत पाहिलंच असशील. लोकांची मक्याची कणसं ताटावरच उगवली. तुझी भाची प्रिया जालन्याला बियाणाच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे, शनिवारी घरी येते. तुझ्या सत्यशीला वहिनीनं तुला जय भीम सांगितला आहे.

पत्र पाहून नवल वाटेल. फोन हातात असताना पत्र कशाला, म्हणशील. तुझा नंबर मी बंद करून ठेवला होता, तो प्रियानं परत चालू करून दिला. तीन वेळा तुझं नाव दाबायला गेलो आणि तीनही वेळा फोन खाली ठेवला. मी बोलायला लागलो की एक तर ओरडतो, नाही तर गप बसतो. लिहिताना तरी वाक्य पुरं होतं.

माझी तब्येत आता ठीक आहे. २३ सप्टेंबरला काय झालं ते तुला सगळं ठाऊक आहे असं सत्यशीला म्हणते. पण बसमध्ये काय झालं ते माझ्याकडून ऐक, कारण त्यात तुझंच काम जास्त आहे.

सकाळी सव्वानऊची भोकरदन-जालना गाडी होती. डायव्हर आपला संघपाल. राजूरपर्यंत मी तिकिटं काढली, एका मास्तरशी पावसावर बोललो. राजूर सुटलं आणि छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. घाम फुटला. मी माझ्या सीटवर टेकलो. सकाळी स्टँडवर भजी खाल्ली होती, म्हटलं ॲसिडिटी असेल. संघपालनं आरशात पाहिलं.

"काय झालं, देवानंदभाऊ?"

"काही न्हाई. पित्त चढलं. जालन्यात सोडा पिलो की बसंल."

"जबड्यात दुखून राह्यलं का?"

मी म्हटलं, हो. तुला कसं कळलं? तोवर त्यानं गाडी बाजूला घेतली, उठून उभा राहिला आणि प्रवाशांना म्हणाला, "कंडक्टर सायबाचं हार्टचं दिसून राह्यलं. गाडी आता जालन्याच्या दवाखान्यात थांबणार, मधी कुठंच न्हाई. ज्याला उतरायचं त्यानं आत्ता उतरा."

बस भरलेली होती. कुणाचं कोर्टाचं काम होतं, कुणी बाजाराला निघालं होतं. दोघांची गावं तर पुढं दोन-तीन किलोमीटरवरच होती. एकही माणूस उतरला नाही. डोळे दाखवायला चाललेली एक म्हातारी तेवढी बोलली, "बाबा, भाषण करू नको, हाण गाडी."

मीना, आता जे लिहितो ते मी अजून कुणाला सांगितलं नाही. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या हातात तिकीट देतो आहे. माझ्या बोटांवरचे चट्टे आणि खपल्या पाहून लोक तिकीट कसं घेतात ते मला माहीत आहे. टोकाला दोन बोटांनी धरतात. काही जण सुटे पैसे परत घ्यायच्या ऐवजी "राहू द्या" म्हणतात. मशीन आल्यापासून जरा बरं झालं, तिकीट मशीनमधून ओढून घेता येतं. त्या दिवशी मोसंबीच्या दोन टोपल्या घेऊन निघालेल्या एका माणसानं मला तीन सीटच्या बाकावर आडवं केलं, माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि माझा उजवा हात, सगळ्यात खराब असलेला, दोन्ही हातांनी धरून ठेवला. दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

पावसानं रस्ता फुटलेला. तरी संघपालनं गाडी अशी नेली की मला खड्डा लागला नाही. दवाखान्याच्या गेटातून बस आत घालताना डाव्या बाजूचा आरसा गेला. डेपोत त्याला त्याचा जबाब द्यावा लागला. डाक्टर म्हणाले, आणखी पाऊण तास गेला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. तिथं गाठ विरघळायचं इंजेक्शन दिलं आणि दुपारी संभाजीनगरला हलवलं. तिथं स्टेंट टाकला.

मला बोलता यायला लागलं तेव्हा मी संघपालला पहिलं हेच विचारलं, जबड्याचं तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, "मीनाताईनं. तीन वर्षं झाली. दर दोन-तीन महिन्याला फोन येतो. छाती जड झाली, घाम सुटला, जबडा न्हाई तर डावा हात दुखला, तर तो पित्त म्हणंल, तू ऐकू नको. घरी नेऊ नको. सरळ मोठ्या दवाखान्यात ने. मला पाठ करायला लावलं ताईनं. फोनवर म्हणून घेतलं माझ्याकडून."

मी त्याला म्हटलं, मला कधी बोलला नाहीस. तो म्हणाला, "तुमी मला दुसरा डायव्हर मागून घेतला असता."

खरं आहे. मागितला असता.

वार्डात सत्यशीलानं पिशवीतून चार पाकिटं काढून माझ्या उशाशी ठेवली. दर वर्षी एक. ती न उघडता मी कपाटावर टाकली होती, तिनं ती साड्यांच्या घडीत जपली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, शाळेत होतं तसं गोल. चारही पत्रं मी दोन दिवसांत तीन-तीन वेळा वाचली. एकाही पत्रात तू मला बोल लावला नाहीस. कुठलं मलम कधी लावायचं, मीठ किती, तंबाखू का सोडायची, चालायचं किती. आणि प्लेटलेटचं.

मला प्लेटलेट म्हणजे डेंगूत कमी होतात त्या एवढंच ठाऊक. आपल्या गल्लीत त्या वर्षी पोरं आजारी पडली तेव्हा सगळे पपईचा पाला शोधत हिंडत होते. म्हणून माझा समज, त्या भरपूर असल्या म्हणजे माणूस धडधाकट. तू लिहिलंस की सोरायसिस असलेल्या माझ्यासारख्यांच्यात आकडा बरोबर असतो, पण त्या शांत नसतात. अंगावर जी आग दिसते तीच आत रक्तातही मंद पेटलेली असते, आणि त्या आगीनं प्लेटलेट चिडून राहतात. जखम नसतानाही धावतात, एकमेकींना आणि नसेच्या आतल्या अस्तराला चिकटतात, ते अस्तर खरवडतात, आणि वर्षानुवर्षं असं झालं की तिथं साका धरतो. मला ते लगेच कळलं. गाडी लागायच्या आधीच सगळे दाराशी येऊन ढकलाढकली करायला लागले की कुणालाच चढता येत नाही, तसं. तू पुढं हेही लिहिलंस की प्रत्येकालाच हे होत नाही, आणि हे नेमकं कसं होतं ते शास्त्रज्ञ अजून शोधतायत. पण ज्यांना आजार अंगभर आहे आणि जुना आहे त्यांनी बीपी, शुगर, चरबी तपासलीच पाहिजे. माझा आजार तीस वर्षांच्या वरचा आणि अंगभर. तपासणी एकही नाही.

संभाजीनगरच्या हार्टच्या डाक्टरांनी राऊंडला तुझं पत्र माझ्या हातात पाहिलं. मागून घेतलं, उभ्या उभ्या वाचलं. सोबतच्या शिकाऊ डाक्टरांना म्हणाले, "चामडीचा पेशंट आपल्याकडं येतो तो ॲटॅक आल्यावर. ही सिस्टर त्याला आधी पाठवत होती." मग मला विचारलं, ही कोण तुमची? मी म्हटलं, माझी धाकटी बहीण. नांदेडला चामडीच्या ओपीडीत आहे. ते म्हणाले, "नशीबवान आहात." मला वर पाहता आलं नाही.

सत्यशीलानं मला दिवाळीनंतर आणखी एक गोष्ट सांगितली. मी शुद्धीवर नव्हतो त्या तीन दिवसांत तू तिथंच होतीस. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर. तिनं तुला आत चल म्हटलं तर तू म्हणालीस, "मला पाहून दादाचं बीपी चढंल. तो शुद्धीवर आला की मी निघते." आणि निघून गेलीस. नांदेडच्या गाडीत बसेपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतंस म्हणे.

चार वर्षांपूर्वी मंठ्याचे पाहुणे प्रियाला पाहायला आले होते. मी चहा फिरवत होतो, बाह्या वर गेल्या होत्या. तू मला आतल्या दाराशी बोलावून हळूच म्हणालीस, "दादा, हे नुसतं चामडीचं नाही. एकदा हार्ट तपासून घे. बाबा पण मला वाटतं असेच गेले." तू हळूच म्हणालीस, पण घर दोन खोल्यांचं. मी ट्रे आदळला आणि सगळ्यांदेखत ओरडलो की बाबांना ऊन लागलं होतं. आणि माझ्या उंबऱ्यात परत पाय ठेवू नको. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. मी सगळ्यांना सांगत आलो की तुझ्यामुळं सोयरीक मोडली. ती माझ्या ओरडण्यानं मोडली. आणि प्रिया आता सांगते की तिला तिथं जायचंच नव्हतं, तिला नोकरी करायची होती.

त्या दिवशी मी बोललो ते चूक होतं. एवढं लिहायला मला चार पानं लागली.

बाकी काही विशेष नाही. पाव्हण्यांना जय भीम. लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
देवानंद


नांदेड
१७ नोव्हेंबर २०२५

दादा,

जय भीम. तुझं पत्र ओपीडीतून घरी आल्यावर मिळालं. चपला न काढता दारातच बसून वाचलं. ह्यांना वाटलं काही वाईट बातमी आहे.

आधी कामाचं. रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि कुणी सांगितलं म्हणून तिसरी वाढवायचीही नाही. पोटातून रक्त जाऊ शकतं. काळी संडास झाली तर लगेच सांग. चामडीच्या गोळ्या बदलायच्या का ते दोन्ही डाक्टरांनी मिळून ठरवायचं, मी बोलून ठेवलंय. तंबाखूचं तू काहीच लिहिलं नाहीस. मी विचारत नाही, वहिनीला विचारते.

माझं फार कौतुक लिहिलंस. मी काय केलं? आमच्या ओपीडीत येतात ती माणसं डोक्यावर पदर ओढून, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून येतात. मलम घेतात आणि जातात. मी फक्त त्यांना थांबवून दंडाला बीपीचा पट्टा बांधायला लागले. पहिल्या वर्षी डाक्टर हसले, आता तेच विचारतात, पट्टा बांधला का? त्यात कितीतरी जणांचं बीपी वाढलेलं निघतं आणि त्यांना पत्ताच नसतो. प्रत्येक वेळी मला तू दिसायचास. दुसऱ्या कुणाला हात धरून थांबवता येतं, आपल्या भावाला नाही, ह्याचं वाईट वाटायचं.

आता एक विचारते. चारही पत्रांत विचारलं नाही, कारण तू उघडणार नाहीस हे मला माहीत होतं. आता तू वाचतोस.

बाकावरून उठून निघताना सिस्टरनं ओळखीनं तुझी फाईल दाखवली. त्यात एक प्रश्न असतो, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार होता का? तिथं लिहिलंय, 'नाही. वडील उष्माघाताने.' तू शुद्धीवर आल्यावर तूच सांगितलंस असं तिनं सांगितलं.

मी अकरा वर्षांची होते. बाबांना अंगणात ठेवलं होतं. मी तुला विचारलं होतं, दादा, बाबांना काय झालं? तू म्हणालास, ऊन लागलं, आणि विहिरीकडं निघून गेलास. मी तुझ्या मागं आले होते. तू विहिरीच्या काठावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होतास. मी हे कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

त्या दिवशी बाबांजवळ घरचा फक्त तू होतास. खरं काय झालं ते मला सांग. रागानं विचारत नाही. बाबांनाही तुझ्यासारखेच चट्टे होते, आणि प्रियाचं वय आता पंचवीस आहे.

मीना


भोकरदन
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय मीना,

जय भीम.

तुझं पत्र मिळून नऊ दिवस झाले. रोज लिहायला बसत होतो. आज आई, सत्यशीला आणि प्रिया विहारात गेल्यात, घरात मी एकटाच आहे.

तो मे महिना होता, सन नव्वद. बारावीची परीक्षा देऊन मी बाबांच्या हाताखाली कामाला जात होतो. गावाबाहेर एका घराचं काम होतं, दुसऱ्या दिवशी स्लॅब पडायचा होता. बाबा किती चांगले गवंडी होते ते तुला फारसं आठवत नसेल. ओळंबा न लावता भिंत सरळ उभी करायचे. लोक त्यांच्या अंगावरच्या चट्ट्यांना सिमेंटचा रोग म्हणायचे. गावात आपला कप वेगळा होताच, त्याची बाबांना सवय होती. पण आपल्याच काही माणसांनी जेवणाच्या पंगतीत त्यांचं ताट बाजूला मांडायला सुरुवात केली, तेव्हापासून ते पंगतीला जायचे बंद झाले. त्यांच्या कामावर मात्र कुणी बोट ठेवलं नाही.

अकराच्या सुमाराला बाबा परांचीवरून खाली उतरले आणि वाळूच्या ढिगावर बसले. शर्ट घामानं चिंब. हात छातीवर, आणि दुसऱ्या हातानं जबडा चोळत होते. मला म्हणाले, "छातीवर धोंडा ठेवल्यावानी झालंय रे." मी म्हटलं, बाबा, दवाखान्यात चला. ते म्हणाले, "आज गेलो तर उद्याचा स्लॅब दुसऱ्याच्या हातात जाईल. पित्त आहे. आईला सांगू नको, उगं घाबरंल." मी शेजारच्या घरून खायचा सोडा आणला, पाण्यात कालवून दिला. प्यायले. वरून पाणी मागितलं, तांब्याभर दिलं. ढेकर आला. मला म्हणाले, "बघ, गेलं." आणि वर चढले.

मी त्यांना चढू दिलं, मीना. मी अठरा वर्षांचा होतो, त्यांच्याहून उंच झालो होतो, धरून ठेवलं असतं तर ठेवता आलं असतं.

तासाभरानं ते भिंतीवर बसले आणि बसल्या जागी मान टाकली. आम्ही दोघा-तिघांनी खाली घेतलं. टेम्पो येईपर्यंत संपलं होतं. कुणीतरी म्हणालं, ऊन लागलं. लोकांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हो. ऊन लागलं. त्या वेळी 'हो' म्हटलं नसतं तर पुढचा सवाल आला असता, मंग तू काय करून राह्यलता? त्याला माझ्याजवळ जवाब नव्हता. आज पण न्हाई.

ते 'हो' मी पस्तीस वर्षं म्हणत आलो. दोन वर्षांनी माझ्या कोपरावर पहिला चट्टा उठला तेव्हाच मला कळलं होतं की मी बाबांच्या वाटेनं चाललो आहे. तू पाहुण्यांसमोर बोललीस ते मला नवीन नव्हतं. मला आधीपासून माहीत होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघालं, म्हणून मी तसा ओरडलो. तू नर्सिंगला गेलीस, चामडीच्या ओपीडीत मागून घेतलंस, पुस्तकं वाचलीस, आणि ज्या गोष्टीचा पुरावा माझ्या एकट्याच्या खिशात होता ती तू पुराव्याशिवाय शोधून काढलीस. तुझी हुशारी पाहून मला किती अभिमान वाटायचा ते सांगता येत नाही, आणि त्याच हुशारीची भीती वाटायची.

आयसीयूत डाक्टरांनी विचारलं तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या. तशा अवस्थेतही मी 'ऊन लागलं' म्हणालो. माणसाला किती सवय होते बघ.

२४ तारखेला तपासणीला संभाजीनगरला गेलो होतो. तुझं पत्र खिशात होतं. डाक्टरांना म्हटलं, माझ्या कागदावर एक खोटं लिहिलेलं आहे, ते मी सांगितलं होतं, बदलून द्या. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पेन काढून 'नाही'वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'वडील, वय ४७, सोरायसिस, हृदयविकाराची दाट शक्यता'. मग म्हणाले, "हे चांगलं केलं. तुमच्या मुलीला आता आम्ही वेगळ्या नजरेनं पाहू." मी विचारलं, नव्वद साली दवाखान्यात नेलं असतं तर? ते म्हणाले, खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, त्या वेळी इथं फारशी सोयही नव्हती. मला वाटलं होतं ते ऐकून बरं वाटेल. तेवढं वाटलं नाही. पण बाहेर आल्यावर भूक लागली, पोटभर जेवलो.

काल सकाळी प्रिया आली. तिला समोर बसवून सगळं सांगितलं, आजोबांचं आणि माझं. तिनं केस बाजूला केले आणि कानामागं दाखवलं. रुपयाएवढा चट्टा. वर्ष झालं म्हणाली. आत्याला फोटो पाठवला होता, तुम्हाला सांगितलं नाही. मी रागावलो नाही. पूर्वी रागावलो असतो. तिनं शुगर आणि चरबी तपासून घेतली आहे, दोन्ही बरोबर आहेत, कागद तुझ्याकडं आलेच असतील. मी विचारलं, लोकांनी विचारलं तर काय सांगशील? ती म्हणाली, "सोरायसिस आहे म्हणून सांगते. लागत न्हाई कुणाला. लॅबमधल्या सगळ्यांना माहीत आहे, पप्पा. डबा एकत्रच खातो आम्ही." मी उठून बाहेर गेलो. हे तुझंच शिकवणं आहे, माझं नाही.

तंबाखूचं विचारलं होतंस. २३ सप्टेंबरपासून तोंडाला लावली नाही. सत्यशीलाला विचारून खात्री कर.

राहिली आई. काल दुपारी ती अंगणात गुडघ्यांना तेल लावत बसली होती. मी तिच्यापुढं खाली बसलो आणि सांगितलं. सगळं, सोड्यासकट. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर बोलणं टाकेल. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या सकाळी मी त्याच्याशी भांडले होते. डबा रागात बांधला होता. मला वाटायचं, माझ्या भांडणानं त्याचं डोकं तापलं आणि ऊन चढलं." पस्तीस वर्षं, मीना. एकाच घरात आम्ही दोघं बसलो होतो, दोघांच्या मनात एकच माणूस, आणि माझ्या एका खोट्यानं तिला तिचा स्वतःचा गुन्हा वाटून दिला होता.

मी म्हटलं, "आई, तुझ्यामुळं काही झालं न्हाई. बाबांना आधीपासून आजार होता."

तिनं विचारलं, "पाणी मागितलं होतं का त्यानं?"

"हो."

"तू दिलं?"

"दिलं. तांब्याभर प्यायले."

"मंग ठीक," ती म्हणाली. "मला वाटायचं, तहानलेला गेला." आणि परत गुडघ्याला तेल लावायला लागली. थोड्या वेळानं माझा हात ओढून घेतला आणि उरलेलं तेल माझ्या बोटांवरच्या खपल्यांना चोळलं. जोरात. ते डाक्टरी नाही हे मला माहीत आहे, पण मी हात काढून घेतला नाही.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं जालन्याहून मी, आई आणि प्रिया नांदेडला येतो. प्रियाला तू तपासायला ने, तुझ्या डाक्टरांना दाखव. आईला तुझ्या घरी आठ दिवस राहायचं आहे. मला ओपीडीत एका कोपऱ्यात बसू दे. पट्टा बांधायला जे तयार होत नाहीत त्यांच्याशी बोलीन. बाही वर करून हात दाखवीन आणि बाबांचं खरं काय झालं ते सांगीन. मोठ्यानं बोलायची मला सवय आहेच, एकदा तरी ती कामाला येऊ दे.

अकरा वर्षांच्या माझ्या बहिणीनं अंगणात एक प्रश्न विचारला होता. तिला उत्तर इतक्या उशिरा मिळालं, आणि तोवर ती त्याच प्रश्नाच्या जोरावर दुसऱ्यांना वाचवत राहिली. त्यात मीही आलो.

तुझ्यामुळं असलेला,
तुझा दादा